ताऱ्यांकडे आत्ताच निघायचं की थांबायचं?

नभांगण

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढतोय.

सूर्यानंतर आपल्याला सगळ्यांत जवळचा तारा म्हणजे प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर. १९७७ मध्ये सुटलेलं व्हॉयेजर १ हे यान दर सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगानं सूर्यमालेच्या बाहेर चाललंय. त्याच वेगानं प्रॉक्सिमाकडे निघालो तर ७५,००० वर्षं लागतील. समजा, असं यान आपण आज सोडलं आणि ५० वर्षांनी कुणीतरी दहापट वेगाचं यान बनवलं. ते साडेसात हजार वर्षांत पोचेल. मग आज निघालेल्यांनी काय मिळवलं? पण ५० वर्षांनी निघणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडणार, की अजून थोडं थांबलो तर?

यावर अभ्यास झालाय. अँड्र्यू केनेडी यांनी २००६ साली ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या नियतकालिकात 'वेट कॅल्क्युलेशन', म्हणजे थांबण्याचं गणित, मांडलं. त्यांनी उदाहरण घेतलं ६ प्रकाशवर्षांवरच्या बर्नार्डच्या ताऱ्याचं. त्याचं सार असं, की निघायचा एक योग्य काळ असतो. त्याआधी निघालात तर मागून येणारे तुम्हाला गाठतात, त्यानंतर निघालात तर पुढे गेलेले तुमच्या हाती लागत नाहीत. २०१७ साली रेने हेलर यांनी वाफेच्या इंजिनापासून व्हॉयेजरपर्यंतची २११ वर्षांची आकडेवारी घेऊन दाखवलं, की माणसानं बनवलेल्या वाहनांचा वेग साधारण दर १५ वर्षांनी दुप्पट होत आलाय. त्यांचा निष्कर्ष: प्रवास २० वर्षांच्या आसपास आला की थांबण्यात अर्थ नाही, त्याआधी थांबलेलं बरं.

मला हे पटतं. सध्या निघूच नये, तो पैसा प्रयोगशाळांत घालावा. तुमचं काय मत?

सुमेधा_के

विषय आवडला. पण ते २० वर्षं कुठून आले? तारा जवळचा असो की लांबचा, आकडा तोच कसा?

गणितमास्तर

सुमेधाताई, सोपं आहे. वेग १५ वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे ४.७ टक्के वाढ. प्रवास १०० वर्षांचा असेल आणि तुम्ही एक वर्ष थांबलात, तर पुढच्या वर्षीचं यान साडेपंच्याण्णव वर्षांत पोचेल. एक वर्ष घालवून साडेचार वर्षं वाचली, म्हणजे थांबण्यात फायदा. प्रवास २० वर्षांचाच असेल तर एक वर्ष थांबून वाचणार जेमतेम ०.९ वर्ष, म्हणजे तोटा. फायदा आणि तोटा जिथे सारखे होतात तो आकडा काढायला १५ ला ०.६९३ नं भागा. २१.६ वर्षं. यात अंतर कुठेच येत नाही. दूरच्या ताऱ्यासाठी त्या टप्प्याला पोचायला जास्त वर्षं थांबावं लागतं, एवढाच फरक.

आता व्हॉयेजरपासून सुरू करू. ७५,००० वर्षांचे २१.६ करायला वेग जवळजवळ बारा वेळा दुप्पट व्हायला हवा, म्हणजे सुमारे १७६ वर्षं. १९७७ मध्ये १७६ मिळवले की येतं २१५३. त्या वेळचा वेग प्रकाशाच्या सुमारे २० टक्के.

हाच हिशेब १९९९ साली अमेरिकेतल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी संगणकाला लावला होता. संगणकाची ताकद १८ महिन्यांत दुप्पट होते असं धरलं, तर २६ महिन्यांपेक्षा मोठं गणित आज सुरूच करू नका, नवा संगणक येईपर्यंत थांबा!

रानवारा

म्हणजे निदान पीएचडीच्या विद्यार्थ्यांची सोय झाली. "सर, मी थांबलोय ते गणितानुसारच." 😄

बाबूराव_सातारकर

आणि समजा आपण आत्ताच निघालो, पिढ्यान् पिढ्या प्रवास करून पोचलो, तर तिथे मागून निघालेले आधीच पोचलेले असणार. महाराष्ट्र मंडळ स्थापन झालेलं असणार, त्यात दोन गट पडलेले असणार आणि गणपती कुणाचा यावरून वाद चालू असणार. आपल्याला उतरल्या उतरल्या वर्गणीची पावती. 😄

मुक्ता

बाबूराव 😂😂

तुंगभद्र

हसून झालं असेल तर मूळ गणितावर माझा एक आक्षेप आहे, आणि तो बारीकसारीक नाही.

'दर १५ वर्षांनी दुप्पट' हे २११ वर्षांच्या सरासरीत खरं असेल. पण ती आकडेवारी व्हॉयेजरपाशीच संपते! त्यानंतर काय झालं ते पाहा. १९७७ पासून सूर्यमालेबाहेर जाणारं एकही यान व्हॉयेजर १ पेक्षा वेगवान निघालेलं नाही. १९ जानेवारी २००६ ला न्यू होरायझन्स सुटलं, तेव्हा पृथ्वीवरून निघतानाच्या वेगाचा विक्रम त्यानं केला होता. २००७ मध्ये गुरूजवळून जाताना त्याला आणखी रेटा मिळाला. तरीसुद्धा ते आज व्हॉयेजर १ पेक्षा हळू चाललंय आणि त्याला कधीच गाठणार नाही. वेग दर १५ वर्षांनी खरंच दुप्पट होत असता, तर आज सेकंदाला १०० किलोमीटरच्या वर वेगानं बाहेर जाणारी यानं आपल्याकडे असती.

कुणी पार्कर सोलर प्रोब या यानाचं नाव घेईल. डिसेंबर २०२४ मध्ये त्यानं सेकंदाला १९२ किलोमीटर वेग गाठला हे खरं. पण तो सूर्याकडे पडतानाचा वेग आहे. सूर्यापासून दूर जाताना तो सगळा परत जातो, ताऱ्यांकडे निघायला त्यातलं काहीच हाती राहत नाही.

नभांगण, तुमचं गणित चोख आहे. पण प्रगती म्हणजे बँकेतल्या ठेवीवरचं व्याज नव्हे, की आपण घरी बसलो तरी वाढत राहील. कुणी निघालंच नाही तर पुढचं यान वेगवान होणार कशाच्या जोरावर?

नभांगण

तुंगभद्र, मुद्दा मान्य. पण प्रयोगशाळेत काम चालू ठेवा असं मी म्हणतोच आहे. यान सोडल्यानंच प्रगती होते असं कुठे आहे?

तुंगभद्र

दाखवतो. पायोनियर १० सुटलं २ मार्च १९७२ ला. तुमच्या हिशेबानं ते सोडायलाच नको होतं, कारण साडेपाच वर्षांनी त्यापेक्षा वेगवान व्हॉयेजर १ निघालं आणि १७ फेब्रुवारी १९९८ ला अंतरात त्याच्या पुढे गेलं. अगदी 'मागून येऊन गाठलं'चं शब्दशः उदाहरण.

पण डिसेंबर १९७३ मध्ये पायोनियर १० गुरूपाशी पोचलं, तेव्हा तिथला किरणोत्सार अपेक्षेपेक्षा फार जास्त निघाला. व्हॉयेजरची आखणी तेव्हा चालू होती. त्यातले इलेक्ट्रॉनिक भाग त्या माहितीनुसार जास्त कणखर करण्यात आले. पायोनियर पुढे गेलंच नसतं तर व्हॉयेजर गुरूजवळ गेल्यावर कदाचित तिथेच गारद झालं असतं. ही माहिती कुठल्या प्रयोगशाळेत मिळाली असती? ती मिळाली कारण हळू चालणारं यान आधी निघालं होतं.

अंबाडी

+१ तुंगभद्र. फार महत्त्वाचं लिहिलंत.

नारायणगावकर

यात आणखी एक गोष्ट मिळवतो. थांबण्याचा खर्च नेहमी वर्षांतच मोजता येतो असं नाही. काही वेळा दारच बंद होतं.

१९६५ मध्ये गॅरी फ्लँड्रो यांच्या लक्षात आलं, की १९७० च्या दशकाच्या शेवटी गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून अशा जागी असतील, की एका ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणाचा रेटा घेत पुढच्या ग्रहाकडे जाता येईल. असा योग साधारण १७५ वर्षांनी एकदा येतो. तेव्हा "अजून चांगलं इंजिन येऊ दे" म्हणून थांबले असते तर पुढची संधी २२ व्या शतकात. युरेनस आणि नेपच्यूनला जवळून पाहणारं आजतागायत एकच यान आहे, व्हॉयेजर २. त्या दोन ग्रहांबद्दल जवळून मिळालेलं जे काही आपल्याला माहीत आहे, ते सगळं १९७७ च्या तंत्रज्ञानावर.

आपलं मंगळयान घ्या. ते जीएसएलव्ही या मोठ्या रॉकेटवरून पाठवायचा विचार होता, पण २०१० मध्ये जीएसएलव्ही एकाच वर्षात दोनदा फसलं. इस्रोसमोर हाच प्रश्न होता, थांबायचं की हाताशी आहे त्यावर निघायचं. मंगळाची वाट साधारण २६ महिन्यांनी एकदा उघडते. त्यांनी पीएसएलव्ही हे लहान रॉकेट निवडलं. त्याच्यात थेट मंगळाकडे ढकलण्याची ताकद नव्हती, म्हणून ५ नोव्हेंबर २०१३ ला सोडल्यावर जवळजवळ महिनाभर पृथ्वीभोवतीच कक्षा थोडी थोडी वाढवत नेली आणि मग मंगळाच्या वाटेला लावलं. २४ सप्टेंबर २०१४ ला ते मंगळाच्या कक्षेत गेलं, पहिल्याच प्रयत्नात. त्या दिवसाचा आमच्या घरचा जल्लोष अजून आठवतो.

गणितमास्तर

नारायणगावकर, अभिमान मलाही आहे. पण दुसरी बाजूही मांडायला हवी. पीएसएलव्हीमुळे वैज्ञानिक उपकरणांना जेमतेम १५ किलो वजन मिळालं. थोडं थांबून मोठं रॉकेट घेतलं असतं तर जास्त विज्ञान पदरात पडलं असतं. आधी पोचणं आणि पोचून काही करता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नारायणगावकर

मास्तर, विज्ञानाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. पण कोट्यवधी किलोमीटर दूरच्या यानाला स्वतःचं स्वतः सांभाळायला कसं शिकवायचं, तिथून येणारा क्षीण संदेश कसा पकडायचा, नेमक्या क्षणी इंजिन कसं पेटवायचं, हे त्या १५ किलोंत मोजता येत नाही. ते आता कायमचं आपलं झालं.

मुक्ता

सगळे यानांबद्दल बोलताय, म्हणून माणसांबद्दल लिहिते. यान पाठवणं आणि माणसं पाठवणं हे एकाच तराजूत घालू नका.

फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हिशेब केला होता, की प्रॉक्सिमापर्यंतच्या ६,३०० वर्षांच्या प्रवासात वंश निरोगी टिकायला सुरुवातीला किमान ९८ माणसं हवीत. आकडा छोटा वाटतो. पण बंदिस्त जागेत माणसं जगवणं काय असतं ते ॲरिझोनातल्या बायोस्फिअर २ मध्ये दिसलं. २६ सप्टेंबर १९९१ ला आठ जण काचेच्या त्या इमारतीत गेले. आत शेती, छोटं जंगल, अगदी समुद्रसुद्धा. दोन वर्षं बाहेरून काहीही घ्यायचं नाही असं ठरलं होतं. झालं असं, की आतला प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांच्या आसपास उतरला. जिने चढताना माणसांना धाप लागायला लागली. सुरुवातीला कारणच सापडेना! शेतीसाठी घातलेल्या कसदार मातीतले जिवाणू भराभर प्राणवायू वापरत होते, आणि त्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड इमारतीचं काँक्रीट शोषून घेत होतं, त्यामुळे झाडांपर्यंत तो पोचून पुन्हा प्राणवायू बनतच नव्हता. शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू आत सोडावा लागला.

ॲरिझोनात बाहेरून प्राणवायू देता आला. दोन प्रकाशवर्षांवर कोण देणार? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वाटेत जन्मणाऱ्या मुलांना कुणी विचारलेलं नसणार. आईबापांनी घेतलेल्या निर्णयाखातर दोनशे पिढ्या एका डब्यात काढायच्या? माणसांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: थांबा. आणि थांबताना बायोस्फिअरसारखे प्रयोग पुन्हा पुन्हा करा, इथे, जमिनीवर, जिथे दार उघडता येतं.

सुमेधा_के

मुक्ता, शंभर टक्के सहमत. "थांबा पण जमिनीवर प्रयोग करत राहा" हे तुंगभद्रांच्या म्हणण्याशीही जुळतं.

कोकणकडा

ऊर्जेचं कुणी बोललंच नाही. प्रकाशाच्या २० टक्के वेगानं फक्त १ ग्रॅम वस्तू न्यायची तर तिला द्यावी लागणारी ऊर्जा जवळपास ५ लाख युनिट विजेएवढी. एका ग्रॅमला! आणि १,००० टनांचं यान प्रकाशाच्या १० टक्के वेगानं न्यायचं तर सगळं जग वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरतं, तिचा फार मोठा हिस्सा त्या एका यानाला लागेल, तोही काही वाया गेलं नाही असं धरून. माणसांचं यान हा निव्वळ इंजिनाचा प्रश्न नाही. एवढी ऊर्जा हाताळणारी संस्कृती आधी व्हावी लागेल.

१९७३ ते १९७८ मध्ये ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीनं डेडॅलस यानाचा आराखडा केला होता. माणसं नाहीतच, तरी वजन ५४,००० टन, त्यातलं ५०,००० टन नुसतं इंधन. बर्नार्डच्या ताऱ्याजवळ साधारण ५० वर्षांत. इंधनातला हेलियम-३ पृथ्वीवर पुरेसा नाही, म्हणून तो गुरूच्या वातावरणातून काढायचा असं त्यात होतं.

नभांगण

म्हणूनच तर ब्रेकथ्रू स्टारशॉटची कल्पना आली ना? १२ एप्रिल २०१६ ला युरी मिलनर आणि स्टीफन हॉकिंग यांनी न्यूयॉर्कमध्ये जाहीर केली होती. काही ग्रॅमचं यान, काही मीटरचं शीड, जमिनीवरून त्या शिडावर सुमारे १०० गिगावॉटचा लेसर आणि प्रकाशाच्या २० टक्के वेगानं २० वर्षांत आल्फा सेंटॉरी (प्रॉक्सिमा याच ताऱ्यांच्या समूहातला). हेलर यांच्या उंबरठ्यावर बरोबर बसतं.

कोकणकडा

बसतं, पण थांबायला ब्रेक नाहीत! सेकंदाला ६०,००० किलोमीटर. पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर ४२ मिनिटांत पार. प्रॉक्सिमा बी हा ग्रह प्रॉक्सिमापासून ज्या अंतरावर फिरतो, ते अंतर दोन-तीन मिनिटांत मागे पडेल. तेवढ्यात फोटो काढायचे आणि काही ग्रॅमच्या यानानं ते चार प्रकाशवर्षं मागे पाठवायचे. वाटेत धुळीचा एक कण आदळला तरी खेळ खलास. शिवाय त्या घोषणेनंतर पुढे फारशी हालचाल दिसली नाही, ही खंत आहेच.

रानवारा

थोडं अवांतर. आपल्याकडून तो तारा दिसतो का?

नारायणगावकर

दिसतो की! आल्फा सेंटॉरी म्हणजे आपला मित्र तारा, नरतुरंगातला. पुण्याहून तो क्षितिजाच्या जेमतेम १०-११ अंश वर येतो, गोव्याहून जरा जास्त. जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आत, रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला मोकळं क्षितिज असलेली जागा गाठा. शेजारी मित्रक असतो, म्हणजे बीटा सेंटॉरी. प्रॉक्सिमा मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

केरीकर

अवांतर चाललंच आहे तर गोव्याचा विषय आला म्हणून राहवत नाही. आमच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचा भैरवीतला आवाज व्हॉयेजरसोबत पाठवलेल्या ध्वनिमुद्रणांच्या सोनेरी तबकडीवर आहे. ५५ भाषांतल्या शुभेच्छाही आहेत, त्यात मराठी आहे. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. थांबा म्हणणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न आहे, ते यान १९७७ मध्ये गेलं नसतं तर तो आवाज आज कुठे असता?

अंबाडी

केरीकर, अंगावर काटा आला.

तुंगभद्र

मूळ विषयाकडे येतो. गणितात न येणारी आणखी एक गोष्ट आहे: सांभाळणारी माणसं. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर १ नं अर्थहीन आकडे पाठवायला सुरुवात केली. शोधता शोधता कळलं, की माहितीची जुळवाजुळव करणाऱ्या संगणकाच्या स्मृतीतली एक चिप निकामी झालीय. चिप बदलायला जाणार कोण? मग त्या चिपमधला प्रोग्रॅम तुकडे करून स्मृतीत जिथे जिथे जागा मिळेल तिथे बसवायचा आणि त्या तुकड्यांचे एकमेकांतले संदर्भ दुरुस्त करायचे, असं ठरलं. १८ एप्रिल २०२४ ला पहिला तुकडा पाठवला. जायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस तास. २० एप्रिलला उत्तर आलं आणि यान पुन्हा शुद्धीवर आलं होतं.

१९७० च्या दशकातली ती यंत्रणा समजणारी माणसं आता मोजकी. एड स्टोन १९७२ पासून २०२२ पर्यंत या मोहिमेचे मुख्य शास्त्रज्ञ होते, जून २०२४ मध्ये गेले. ५० वर्षं एक यान जिवंत ठेवायचं कसं, हे ज्यांनी केलंय त्यांच्याकडूनच शिकता येतं. आपण २१५३ पर्यंत थांबलो तर ती साखळी तुटलेली असेल. ताऱ्यापर्यंतचं कुठलंही यान निदान काही दशकं चालवावं लागणार. ती विद्या हातातून गेली तर वेगवान इंजिनाचं करायचं काय?

नभांगण

हा मुद्दा माझ्या सुरुवातीच्या मांडणीत नव्हता आणि तो वजनदार आहे. मग तुमचा सल्ला काय, नेमकं कुठलं यान आत्ता सोडावं?

तुंगभद्र

ताऱ्यापर्यंत जाणारं नको. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेनं 'इंटरस्टेलर प्रोब'चा सविस्तर आराखडा केलाय. आजच्या मोठ्या रॉकेटवर, व्हॉयेजरच्या जवळजवळ दुप्पट वेग, वर्षाला सुमारे ७ खगोलीय एककं (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर). ५० वर्षं चालेल अशी बांधणी. सूर्याच्या प्रभावाबाहेरचा प्रदेश मोजायचा, तिथली धूळ मोजायची. कोकणकडा म्हणाले तो धुळीचा धोका किती, हे अंदाजानं ठरवायचं की जाऊन मोजायचं? माझं मत त्याला. मुक्ताच्या म्हणण्याप्रमाणे माणसांसाठी थांबू, पण यानं निघत राहू देत.

मुक्ता

याला माझाही पाठिंबा.

सुमेधा_के

मास्तर, हे नवं यान व्हॉयेजर १ ला कधी गाठेल? नभांगण यांचा पहिला प्रश्न गाठण्याचाच होता ना.

गणितमास्तर

नोव्हेंबर २०२६ मध्ये व्हॉयेजर १ पृथ्वीपासून एक प्रकाश-दिवस अंतरावर असेल, म्हणजे सुमारे १७३ खगोलीय एककं. ते वर्षाला ३.६ एककं सरकतं. नवं यान २०३६ मध्ये सुटलं असं धरू. तोवर व्हॉयेजर २०७ च्या आसपास. वेगातला फरक वर्षाला ३.४, म्हणजे गाठायला साधारण ६१ वर्षं. २०९७ च्या सुमारास, सूर्यापासून सव्वाचारशे एककांवर, व्हॉयेजर १ मागे पडेल. आणखी दहा वर्षं उशिरा निघालात तर हीच वेळ जाते २११७-१८ वर. दर वर्षीच्या उशिराला दोन वर्षं, हा भाव आहे सध्याचा.